सहा दिवसांचा विटाळ

“आजपासून माझी आई पडवीत बसणार नाही!”

अंकिता हे इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारची बनुबाई हातातली केरसुणी तशीच धरून कुंपणाशी येऊन उभी राहिली. महाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणारी, सुट्टीला कापडे गावी घरी आलेली ही अठरा वर्षांची पोर... तिने पडवीच्या कोपऱ्यातलं आईचं ताट उचललं, तांब्या उचलला आणि दोन्ही थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. मग बाहेर येऊन आईचा हात धरला.

“चल आत.”

“अंकू, ऱ्हाऊ दे गो...” सारिका म्हणाली.

“का राहू दे? गावात चार दिवस पाळायचे, तेही आता कोणी पाळत नाही. आणि आपल्याकडे सहा! हे सहा दिवस कुठल्या पोथीत लिहिलेत, आजी?”

आनंदीबाई, सारिकाची सासू, उंबऱ्याशी बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. सारिकाने मान हलवली, अगदी किंचित... नको, काही बोलू नका.

“माज्या पोथीत,” आनंदीबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

“मग तुझी पोथी आज बंद!”

“बरं झालं गो बाय,” कुंपणावरून बनुबाई म्हणाली. “या म्हातारीला कुणीतरी बोलायलाच हवं व्हतं.”

लेकीचा हात धरून सारिका उंबरा ओलांडून आत गेली. पाठ ताठ ठेवून गेली, कारण वाकून गेली असती तर ते पोरीला दिसलं असतं. तिचा दुसरा दिवस होता. ओटीपोटात कुणी ओलं लुगडं घट्ट पिळावं तसं होत होतं, आणि लेकीचे डोळे मात्र आनंदाने चमकत होते!

सारिका आता नाही. गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. ती असती तर यातलं काही सांगू दिलं नसतं. स्वतःविषयी बोललेलं तिला आवडत नसे. पण त्या पडवीची खरी हकीकत कित्येक वर्षं फक्त दोघींना ठाऊक होती, त्यातली एक गेली आणि दुसरी ऐंशीला टेकली आहे.

सारिकाचं माहेर तुडील गावचं. लग्न होऊन कापड्याला आली तेव्हा तिच्याबरोबर तिचं दुखणंही आलं. माहेरी आई म्हणाली होती, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही. मग सगळे म्हणाले, मूल झालं की थांबेल. अंकिता झाली, तरीही थांबलं नाही, आणि दुसरं मूल काही झालं नाही. नवरा राजेश मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारा. त्याला यातलं काय सांगणार? सासरे कोंडाजी म्हणत, “बायकांना व्हतंच ते. तिचं काय नवीन हाय?” त्या काळी घरात चार दिवस बाजूला बसायची रीत होती, आणि पाचव्या दिवशी न्हाऊन धुऊन बाई कामाला लागलीच पाहिजे.

एका वर्षी लावणीच्या दिवसांत, पाचव्याच दिवशी, सारिका वाफ्यात उभ्याउभ्या खाली बसली. हातातली रोपांची मूठ सुटून पाण्यावर पसरली. कोंडाजी बांधावरून ओरडले. आनंदीबाईंनी चिखलातून येऊन सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “माजीच चूक झाली. हिला आज शेतात आणायची नव्हती. आपल्या घराण्यात सहा दिस असत्यात.”

“सहा? कवापासनं?”

“तुमच्या आयेनं मला सांगून ठेवलंय. मरताना.”

जिवंत माणसांपैकी कोंडाजी कुणाला भीत नसत, पण मेलेल्या आईपुढे त्यांचं काही चालत नसे. त्या दिवसापासून घरात सहा दिवस झाले. साऱ्या वाडीने हसून घेतलं. आनंदीबाईंना लोक सोवळी म्हातारी म्हणू लागले, आणि त्यांनी ते नाव अंगाला लावून घेतलं.

त्या संध्याकाळी चुलीतल्या निखाऱ्यांजवळ तापवलेली एक वीट, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, आनंदीबाईंनी काठीने ढकलत ढकलत पडवीच्या कोपऱ्यापर्यंत आणली. हात लावायचा नाही हा नियम चारचौघांसमोर पाळायचाच होता! सारिकाने ती कमरेखाली ओढून घेतली. पुढच्या महिन्यात पुन्हा वीट आली. त्याच्या पुढच्या महिन्यात विटेबरोबर ओवा आणि गूळ घालून उकळलेलं पाणी आलं.

पडवीत अपमान नव्हता असं नाही. वेगळं ताट वेगळंच असतं, आणि पावसाळ्यात तिथली जमीन गार लागे. पण तो अपमान तिला आडवं पडू देत होता. बाहेर बसलेल्या बाईला विहिरीवर पाठवता येत नाही, तिच्या डोक्यावर भारा देता येत नाही, तिला पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापायला सांगता येत नाही. त्या सहा दिवसांत सारिकाने आपल्या दुखण्याचा अभ्यास केला. वीट आधी कमरेखाली ठेवायची आणि मग पोटावर घ्यायची. कुशीवर निजून दोन्ही गुडघ्यांमध्ये वाकळेची घडी धरली की पीळ सैल पडतो. रिकाम्या पोटी कडक चहा घेतला की कळ वाढते. त्यापेक्षा नाचणीची गरम आंबील बरी. दुखणं यायच्या आधी दोन दिवस जड उचलायचं नाही, म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलीचा बारीक ठिपका करून ठेवायचा. पाचव्या दिवशी अंगणात हळूहळू दहा फेऱ्या मारायच्या. याने दुखणं जात नसे; सोसण्याइतकं होई. आणि सोसता आलं म्हणजे बरं झालं, असं ती धरून चालली होती.

ते सहा दिवस लेकीने त्या सकाळी एका वाक्यात काढून घेतले.

दुपारी अंकिता बाहेर गेल्यावर आनंदीबाई सुनेजवळ येऊन बसल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या या दिवसांत इतक्या जवळ बसल्या होत्या.

“सांग तिला.”

“नको, आत्याबाई.”

“मला पोर काय म्हनंल त्याची पर्वा नाय. पन तुजं काय?”

सारिकाचे डोळे भरून आले. “आत्याबाई, माझ्यासाठी आजपर्यंत कुणी भांडलं नव्हतं. पोर भांडली... तिला कसं सांगू, की तू माझंच हिसकून घेतलंस म्हणून? ती परत कुणासाठी भांडायचीच नाही.”

“आनि मी? मी व्हय वाईट?”

“तुम्ही वाईट ठरताय म्हणून तर रडू येतंय मला!”

आनंदीबाईंनी पदराने सुनेचे डोळे पुसले नाहीत. तो पदर तिच्या हातात दिला. “पूस. वाल जळत असतील,” म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतरची आठ वर्षं सारिकाने पडवीशिवाय काढली. कोंडाजी त्यातल्या तिसऱ्या वर्षी गेले. तोपर्यंत सहा दिवस मोडले होते आणि ते पुन्हा जुळवायला कुणाला निमित्त उरलं नव्हतं. आनंदीबाई चोरून वीट तापवत, पण वीट घेऊन पडायला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशीही ती लावणीला उभी राही. ओठ चावून, वाकून, एक एक मूठ खोचत पुढे जाई. बांधावरून अंकिता पाही आणि मैत्रिणींना अभिमानाने सांगे, “बघा, माझी आई! कुठला विटाळ आणि कुठलं काय!”

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी महिला दिनाला अंकिताचं भाषण होतं. आई आणि आजी दोघींना तिने बोलावून घेतलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. भाषणात ती म्हणाली, “पाळी म्हणजे आजार नाही. माझ्या घरातल्या एका बाईनेच दुसऱ्या बाईला वीस वर्षं वाळीत टाकलं होतं.” सभागृहातल्या माना आनंदीबाईंकडे वळल्या. टाळ्या पडल्या. आनंदीबाईंनीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या... सारिकाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परतीच्या एसटीत आनंदीबाई एवढंच म्हणाल्या, “बोलते मात्र झ्याक.”

तेव्हापासून अंकिता आजीशी कामापुरतंच बोले.

पुढे ती नाते गावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि महाडला खोली घेऊन राहू लागली. एके दिवशी शाळेतून फोन आला, मॅडम वर्गात चक्कर येऊन पडल्या. सारिका पहिल्या गाडीने महाडला पोचली. अंकिता खाटेवर पोटाशी पाय घेऊन पडली होती. उशाखाली दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. एक नाही, पाच.

“कधीपासनं गो हे?”

“होतं थोडं.”

“कधीपासनं?”

“तीन-चार वर्षं.” अंकिता भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “पाळी म्हणजे आजार नाही, आई. तू चिखलात उभी राहायचीस. मला पंख्याखाली फळ्यापुढे उभं राहता येऊ नये?”

सारिका खाटेच्या कडेवर बसली ती बसूनच राहिली. जे दुखणं तिने लेकीपासून लपवलं, तेच लेक आता तिच्याकडे बघून गिळत होती! आपलं गप्प बसणं पोरीला सावली देईल असं तिला वाटलं होतं. त्याचा तर चाबूक झाला होता.

दोन दिवसांनी ती अंकिताला एका लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेली. आनंदीबाईही कापड्याहून आल्या. बाजारात सुकट घ्यायची आहे, असं त्यांनी कारण सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही, कुणी अडवलंही नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच काही बायकांच्या गर्भाशयाबाहेर वाढतं, पाळीत तेही सुजतं, म्हणून असं दुखतं. त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. सोनोग्राफीत दरवेळी दिसतंच असं नाही, त्यामुळे विचारपूस नीट करावी लागते, असं त्यांनी समजावलं.

“घरात कुणाला असा त्रास होता? आईला?”

“छे!” अंकिताच बोलली. “आईला कधीच काही नव्हतं. ती दुसऱ्या दिवशीही शेतात काम करायची.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. पेन कागदावर फिरताना सारिकाला दिसत होतं. लेकीचा अभिमान आणि लेकीचा इलाज... दोन्ही त्या एका ओळीत होते, आणि त्यातलं एकच वाचणार होतं.

“डॉक्टर, ते खोडा.”

“काय?”

“खोटं हाय ते. मला व्हतं. अजून हाय.” परक्यांपुढे कधी न येणारी गावची बोली तिच्या तोंडून सरळ निघून आली. “तीस वर्षं हाय.”

“आई, तू काय बोलतेस? तू तर...”

“सहा दिस कुठल्या पोथीत लिवलेत, विचारलंवतंस ना? कुठल्याच नाय, अंकू. तुझ्या आजीनं बनवले. मला पडायला मिळावं म्हणून बनवले.”

मग वाफ्यात सुटलेली रोपांची मूठ, मेलेल्या सासूचं नाव, काठीने ढकललेली वीट, सगळं तिने सांगितलं. न रडता, न ओरडता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस? भाषणात मी तिला... आई, तू मला थांबवायचंस ना गं!”

“चुकलं माझं,” सारिका म्हणाली. “तुझं नाय. ताट बाहेर मांडायची रीत वाईटच व्हती, ती तू मोडलीस ते बरंच केलंस. पडायचंय म्हणून पडते, असं सांगायची हिंमत मला पायजे व्हती. ती तू तरी कर. तेवढ्यासाठी सांगितलं.”

अंकिता उठली. दार उघडून बाकाशी गेली आणि आजीच्या पायांशी वाकली.

“आजी...”

“ऊठ गो. वाकू नको, पोट दुखंल,” आनंदीबाई म्हणाल्या.

“आजी, तू टाळ्या का वाजवल्यास?”

“सगळी वाजवत व्हती. आनि पोर माजी व्हती.”

तेव्हा अंकिताने आजीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि त्या अनोळखी बायकांनी भरलेल्या व्हरांड्यात ती लहान मुलीसारखी रडली. आनंदीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या भाषणानंतर त्यांनी तिच्या पाठीला हात लावला नव्हता.

दोघी आत आल्या तेव्हा डॉक्टर सारिकाला सांगत होत्या, की शेकणं, ओव्याचं पाणी, विश्रांती, ठिपक्यांचं कॅलेंडर यातलं काही चूक नव्हतं, मुलीनेही ते करावं. पण ते दुखण्याला सांभाळणं झालं, त्याच्यामागे काय वाढतंय ते बघणं नव्हे. अंकितासाठी औषधं आहेत, लागलं तर पुढचे उपाय आहेत. मग त्यांनी टेबलावरून एक कोरा केसपेपर घेतला.

“आता तुमचा.”

“माझा कशाला? माझं वय झालं. पोरीचं बघा तुम्ही.”

“नाव सांगा.”

अंकिताने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईसाठी खुर्ची पुढे ओढून ती मागे भिंतीशी, आजीच्या शेजारी उभी राहिली.

सारिकाने नाव सांगितलं. गाव सांगितलं. वय सत्तेचाळीस.

“कसं दुखतं, कधीपासून, सगळं सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “घाई नाही.”

“सगळं?”

“सगळं.”

सारिकाने मागे वळून पाहिलं. लेक आणि सासू, दोघी तिच्याकडेच पाहत होत्या, ऐकायला थांबल्या होत्या. तिने पदर सारखा केला.

“तेव्हा मी सोळा वर्षांची होते,” ती म्हणाली.