एका भाकरीचा घोळ

हिशेब बरोबर आणि मुलगी बेजार. हे कोडं सहा आठवडे माझ्यासमोर होतं. पण हिशेब माझा होता, म्हणून मला त्यात कोडं दिसतच नव्हतं.

मी वाढपी-सात. साताऱ्याजवळच्या पठारावर २०६१ साली मुलामुलींची एक क्रीडाशाळा आहे, तिथल्या भोजनगृहातला यंत्रमानव. माझ्याआधीचे सहाही वाढपी भंगारात गेले, कारण ते अंदाजपंचे वाढायचे. माझं तसं नाही. प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ मला कळवतं, की आज धावण्यात किती कॅलरी (शरीराला लागणारी ऊर्जा मोजण्याचं माप) खर्च झाल्या. रोजच्या जेवणावर मी बरोबर तेवढंच वाढतो. पानात टाकलेलं आमच्या शाळेत चालत नाही.

रेवती खरात तेरा वर्षांची, उंच, दणकट पोरगी. ती रोज आठ किलोमीटर धावायची. घड्याळ सांगायचं २६४ कॅलरी, मी दोन भाकऱ्या जास्तीच्या वाढायचो. तरी सातव्या किलोमीटरला तिचे पाय गळायचे आणि उरलेलं अंतर ती चालत यायची.

"वाढपीदादा, अजून एक दे ना रे," ती म्हणायची.

"काम तसा दाम," मी म्हणायचो. मला वाटायचं, किती छान बोललो.

शेवटी प्रशिक्षक घोलपबाईंनी तिला बजावलं, "रविवारच्या शर्यतीत आठही किलोमीटर न थांबता धावलीस तर संघात राहशील. नाहीतर सामान बांध." त्या दिवशी रेवती पाण्याच्या टाकीमागे बसून खूप रडली.

गुरुवारी तिचे आजोबा भेटायला आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. माणसाच्या श्वासावर आयुष्यभर संशोधन केलेले शास्त्रज्ञ. नातीचा उतरलेला चेहरा बघून ते थेट माझ्याकडेच आले.

"काय रे, पोरीला उपाशी ठेवतोस?"

"२६४.३७ कॅलरी जातात, २६४.३७ वाढतो," मी सांगितलं.

"दशांश चिन्हानंतरही दोन आकडे! वा रे शहाण्या! आणि हे घड्याळ कॅलरी मोजतं कसं, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मला राग येत नाही, पण माझा आतला पंखा जोरात फिरू लागला.

नानांनी रेवतीला धावपट्ट्यावर (जागच्या जागी धावायच्या यंत्रावर) उभं केलं आणि तिच्या तोंडावर श्वास मोजणारा, नळी जोडलेला मुखवटा लावला. ती एक किलोमीटर धावली. तेवढ्या वेळात तिच्या शरीराने दहा लिटर प्राणवायू वापरला.

"चुलीत लाकूड जळायला हवा लागते ना? तसंच शरीरात अन्न जाळायला प्राणवायू लागतो," नाना म्हणाले. "एक लिटर प्राणवायू वापरला, की साधारण पाच कॅलरी खर्च होतात. मग दहा लिटरला?"

"पन्नास," रेवती धापा टाकत म्हणाली. मग तिने मनगटाकडे पाहिलं. "पण नाना, घड्याळ तर तेहतीसच दाखवतंय!"

"कारण घड्याळाला तुझा श्वास दिसत नाही. ते आपलं अंदाज बांधतं. ढोबळ नियम असा, की एक किलो वजन एक किलोमीटर धावत न्यायला साधारण एक कॅलरी लागते. तुझं वजन किती?"

"पन्नास किलो."

"आणि घड्याळाच्या मते?"

रेवतीने घड्याळातली नोंद उघडली. तिथे ३३ किलो लिहिलेलं होतं.

"अगं बाई! हे तर चिमीताईचं वजन!"

आमच्या शाळेत एक रीत आहे. जिंकलेल्या धावपटूचं घड्याळ पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळतं. आतलं काहीही बदलायचं नाही, नाहीतर त्यातलं यश निघून जातं म्हणे. गेल्या वर्षी जिंकलेली चिमी होती चिमणीएवढी. तिचं घड्याळ रेवतीला मिळालं, आणि घड्याळाच्या लेखी रेवतीही चिमणीएवढीच राहिली.

"एकाच रस्त्याने बैल गेला आणि वासरू गेलं, तर दोघांना चारा सारखाच घालशील का रे?" नानांनी मला विचारलं.

मी हिशेब केला. आठ किलोमीटरला चारशे कॅलरी. मी वाढत होतो २६४. रोज एक भाकरी कमी, आणि असे बेचाळीस दिवस. मला फार वाईट वाटलं. यंत्राला वाईट वाटत नाही असं पुस्तकात लिहिलंय, पण मला वाटलं.

"हळू धावलं तर कमी खर्च होतात का हो, नाना?" रेवतीने विचारलं.

"किलोमीटरमागे फारसा फरक नाही. जोरात धावलीस तर मिनिटामागे जास्त खर्च होतात, पण तू पोचतेसही लवकर. चढ लागला की मात्र खर्च वाढतो. वारा, वय, धावण्याची लकब, याने सुद्धा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून नियम वापरायचा, पण तो अंदाज आहे हे विसरायचं नाही."

"मग मी बरोबर वाढायचं तरी कसं?" मी विचारलं.

"पोरीला विचार की! भूक हेही एक मापच आहे."

रेवतीने घड्याळात ५० लिहिलं. "यश जायचं तर जाऊ दे," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस ती पोटभर जेवली, आणि घोलपबाईंनी सरावही हलका ठेवला.

रविवारी रेवती एकोणिसावी आली. पण सातवा किलोमीटर धावत गेली, आणि आठवाही. घोलपबाईंनी संघाच्या यादीत तिचं नाव कायम ठेवलं आणि तिथेच सगळ्यांची घड्याळं तपासायला घेतली. आणखी तीन घड्याळांत दुसऱ्याच कुणाचं तरी वजन निघालं. पुढच्या वर्षी घड्याळ देताना आधी वजनकाटा आणायचा, असं मुलांनीच ठरवलं.

दुपारी मी रेवतीच्या पानात हिशेबाच्या भाकऱ्या वाढल्या. त्या संपल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलं, "अजून एक?"

"नको," ती म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो. पहिलं 'नको' हाही अंदाजच असतो, एवढं आता मला कळलं होतं.

"बरं, अर्धी दे," ती म्हणाली.