पिवळ्या टेपचा जोड

बसा. गाडी मागं रस्त्यावर बंद पडलीय म्हणता ना, बघू. पण सहा वाजत आलेत, आणि सहा ते साडेसहा मी कुठल्याही वायरला हात लावत नाही. लाईट पण गेलीय. चार्जिंगचा दिवा लावतो, चहा घ्या, आणि कारण ऐका. कुणाला तरी सांगायचंच आहे मला.

केडगावात या पुणे रोडवर बत्तीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग करतो. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, येईल ते. पण गोरख वायरमन हे नाव झालं ते हौशी लोकांच्या जुन्या विलायती गाड्यांमुळं. सतरा दिवसांपूर्वी सकाळी संगमनेरहून एक मुलगी अशीच एक गाडी टेम्पोत घालून घेऊन आली. दोन सीटची, लांब नाकाची, लाल. ताडपत्री निघाली, आणि ती गाडी मी लगेच ओळखली.

"काका, नऊ वर्षं बंद आहे," ती म्हणाली. नाव निकिता. "गिऱ्हाईक मिळालंय, पण त्याला चालू करून हवी. आईला तर ती दारात नकोच आहे."

"कुनाची गाडी म्हनायची?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"बाबांची. डॉक्टर आदिनाथ. गुरांचे डॉक्टर होते." तिनं ताडपत्रीची घडी घातली. "भंडारदऱ्याला रस्त्याच्या कडेला गाडी सापडली. चावी चालूच होती, बॅटरी उतरलेली. बाबा दुसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्यात... त्या सकाळी आईचं आणि त्यांचं भांडण झालं होतं, याच गाडीवरून. आई म्हणाली होती, जा, त्या गाडीशीच संसार करा, परत येऊ नका. चावीसुद्धा काढली नाही म्हणजे परत यायचंच नव्हतं, असं सगळे म्हणाले. आई अजून म्हणते, मीच ढकललं त्यांना."

मी गाडी आत ढकलून घेतली.

त्या सकाळी डॉक्टर घरून निघाले ते आधी माझ्याकडं आले होते. हे त्यांच्या घरी कुणालाच माहीत नाही. "गोरख, चालता चालता आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडतो, आणि मागोमाग इंजिन झटका खातं," म्हणाले. त्या गाडीत चावीकडून येणारी वायर सरळ ठिणगी पाडणाऱ्या कॉईलला जात नाही. आधी आरपीएमच्या मीटरमधून जाते, मग कॉईलला. इंजिनातली प्रत्येक ठिणगी तो काटा मोजतो. इंजिन फिरत असताना काटा पडला, म्हणजे दोष पेट्रोलचा नाही, वायर सुटतेय. मीटरच्या पाठीमागंच सापडली, तुटायला आलेली.

तिथं सोल्डरच करायला हवं होतं. पण लाईट नव्हती, आणि तिकडं माझा मेहुणा घोड्यावर बसला होता. वरातीत मी नसलो तर बायकोनं जन्मभर ऐकवलं असतं. मी दोन टोकं एकमेकांत पिळली, वर टेप गुंडाळली आणि मोकळा झालो. असला जोड गावातल्या गावात चालतो, घाटात नाही. 'साहेब, कच्चं काम आहे, उद्या परत आणा,' एवढं म्हणायला जीभ झडली नसती. पण मग ते लाईट येईपर्यंत थांबले असते. मी म्हणालो, "आता बिनघोर लंडनपत्तोर जावा."

ते हसत हसत गेले. पुढं पेपरात वाचलं. मी मनाला बजावलं, माणूस पाण्यात गेला, त्यात वायरचा काय संबंध? नऊ वर्षं तेच बजावत आलो.

निकिता गेल्यावर मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. माझ्या वस्तादांची शिकवण होती, आपल्या जोडाला आपली खूण पाहिजे. सगळे काळी टेप लावतात, मी पिवळी. ती जागेवर होती. दाबून बघितली तर आत दोन्ही टोकं सुटलेली. मी जोड कापून खिशात घातला, नवी वायर ओढली, नीट सोल्डर केली, पॉइंट घासले, प्लग बदलले. दुपारनंतर इंजिन लागलं. काटा मात्र मेलेलाच. म्हणून मीटर काढून या टेबलावर ठेवलं. एकही वायर त्याला नव्हती, हे ध्यानात ठेवा.

सहाच्या सुमाराला लाईट गेली. पंखा थांबला. आणि वास आला... भिजलेल्या भाताच्या पेंढ्याचा. एप्रिल महिन्यात, केडगावात! हा वास भंडारदऱ्याकडचा, कापणीनंतर अवकाळी पाऊस पडला की येणारा.

टेबलावर बारीक आवाज झाला. काटा उडाला होता. दोनशेपर्यंत गेला, थरथरला, पडला.

पुन्हा उडाला. सेल्फ मारल्यावर उडतो ना, तेवढाच. मग घाईघाईनं दोनदा. मग बराच वेळ काहीच नाही... मग पुन्हा. माणूस चावी फिरवतो, वैतागतो, देवाचं नाव घेतो, परत फिरवतो, अगदी तसं. शेवटी शेवटी काटा पन्नाशीसुद्धा गाठेना. मी मोजत होतो. सतरा.

तेव्हा कळलं चावी चालू का होती. डॉक्टर मरायला थांबले नव्हते हो! ते गाडी चालू करत होते, घरी जायला. बॅटरी उतरली तेव्हा अंधारात मदत शोधायला खाली उतरले, आणि धरणाच्या काठावरून पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी निकिता आईला घेऊन आली. सुमनबाई दारातच उभ्या राहिल्या, गाडीकडं बघितलं नाही. मला म्हणाल्या, "मिस्त्री, एकच सांगा. वाटेत बंद पडण्यासारखी होती का ती?"

पिवळी टेप माझ्या खिशात होती. दुकान डोळ्यांपुढं आलं, नाव आलं, बत्तीस वर्षं आली.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "उंदरांनी वायर कुरतडली, ती मागाहून. तवा गाडी चांगलीच असनार."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मीटर मी ठेवून घेतलं, दुरुस्त करून पाठवतो म्हणालो. तो काटा त्यांच्यापुढं उडाला असता तर? त्या संध्याकाळी तो सोळा वेळा उडाला. मग पंधरा. रोज सहाला, रोज एक कमी. बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. रोज लावतो आणि रिंग जायच्या आत कापतो. भित्रा आहे मी, दुसरं काय. एका बाईला तिच्याच नवऱ्याची मारेकरीण करून ठेवलंय मी, आणि वर दुकान उघडून बसतो.

काल एकदाच उडाला, जेमतेम.

सहा वाजून गेले ना? त्या फळीवरच्या मीटरकडं बघा. काटा हललाय? ...नाही. मला तीच भीती होती. बॅटरी पुरती संपली की माणूस काय करतो? गाडीतून उतरतो, आणि मिस्त्री शोधत चालत निघतो. भंडारदऱ्याहून इथं यायला चार-पाच दिवस तरी लागतील, अशी मी मनाची समजूत घालतोय.

तुम्ही चहाला हात लावला नाही, तोंडही दिव्याच्या उजेडात आणलं नाहीत. गाडी नेमकी कुठं बंद पडलीय तेही सांगितलं नाहीत. आणि हा पेंढ्याचा वास... तुम्ही आत आलात तेव्हापासून येतोय. दारापासून खुर्चीपर्यंत फरशी ओली कशी झाली? आमच्या नळाला तर तीन दिवस पाणी नाही.

बाईंना लावतो फोन. बघा, लावला. रिंग जातेय... मी सगळं सांगतो त्यांना, पिवळ्या टेपपासून सगळं. तुम्ही फक्त तिथंच बसून राहा. उठू नका, साहेब.