जबडा बांधलेला माणूस

दिवा राहू दे, पण ते मोबाईल खाली ठेवा. आणि पैंजणांचा आवाज, पांढरी साडी असलं काही हवं असेल तर आत्ताच उठा. हे माझ्या साडूवर ओढवलेलं आहे आणि मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.

मागल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसऱ्या गुरुवारची रात्र. साडूच्या मुलीची अक्कलदाढ ठणकत होती. कॉलेजात जाणारी पोर, एकुलती एक. अकराच्या सुमारास बघतात तर गाल टम्म, सूज हनुवटीखाली उतरलेली, थुंकीसुद्धा गिळता येईना. साडूने स्कूटर काढली आणि तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे अपघातवाले, छातीत कळ आलेले. त्यांच्यात दाढेला कोण विचारतो? रात्रपाळीच्या डॉक्टरने उभ्याउभ्या पाहिलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, दातांचा विभाग सकाळी उघडेल, तिथे दाखवा. तिथली रीतच ती. दाढेने कोणी मरत नाही, असं सगळेच धरून चालतात. माझा साडूही.

सकाळी पहिला नंबर लागावा म्हणून बापलेक त्या विभागाच्या बंद दारासमोर बाकावर बसले. कॉरिडॉरमध्ये एकच ट्यूब चालू. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पन्नाशीचा एक माणूस होता. हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी, करकचून बांधलेली. साडूला बरंच वाटलं, चला, सोबतीला आणखी एक दाढेवाला. त्याने विचारपूस केली. तो माणूस नुसता पोरीकडे बघत राहिला.

पोरीला गुंगी आली. साडूने तिला बाकावर आडवं केलं. ती घोरायला लागली. तसा तो माणूस उठला, तिच्या पाठीखाली हात घातला आणि तिला बसतं केलं.

"अहो, काय करताय? आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

साडूने तिला पुन्हा निजवलं. त्याने पुन्हा बसवलं. आता आमचा साडू किती तापट, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात परका माणूस पोरीच्या अंगाला हात लावतोय. साडूने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं...

शर्टाखाली गारठा होता. फरशीसारखा.

तो मागे सरला. पोरीवरची नजर न काढता. मागे... मागे... उजेड संपला तिथे दिसेनासा झाला.

साडूने पोरीला नीट झोपवलं. शाल घातली.

घोरणं कमी झालं.

मग थांबलं.

त्याला वाटलं, लागली गाढ झोप...

पाणी द्या रे जरा.

हं. पहाटे फरशी पुसायला मावशी आली. तिने पोरीचे ओठ पाहिले आणि बादली टाकून डॉक्टरला बोलवायला धावली. उपयोग नव्हता. सूज आत उतरून घसा बंद झाला होता. बसती असती तर कदाचित वेळ मिळाला असता, असं तो डॉक्टरच म्हणाला. मान खाली घालून.

साडू वेड्यासारखा एकच विचारत होता, तो जबड्याला पट्टी बांधलेला दाढेचा पेशंट कुठे गेला? मावशी त्याला बाजूला घेऊन म्हणाली,

"दादा, दाढ दुखते म्हणून इथे कोणाचा जबडा बांधत नाहीत. माणूस गेला की आम्ही बांधतो... तोंड उघडं राहू नये म्हणून."

मग बाकाकडे बोट करून म्हणाली, "गेल्या महिन्यात याच बाकावर एकाचा बांधला. त्याचीही दाढच होती."

पोरीला घरी आणलं. शेवटची आंघोळ घालताना मेहुणीने आतून नवऱ्याला हाक मारली. उताणं गेलेल्या माणसाचं रक्त पाठीत साकळतं, दाब असेल तेवढीच जागा कोरी राहते; तशी पोरीची पाठ काळीनिळी पडली होती. दोन खांद्यांच्या मधे तेवढी जागा पांढरी. पंजा... पाचही बोटं. खालून कोणी उचलून धरल्यासारखा.

साडूने त्यावर आपला हात ठेवून पाहिला.

त्याचा हात लहान पडला.