कप घासायची पाळी

जर्मनीतल्या उल्म शहरातल्या तपासणी प्रयोगशाळेत वीबके तासभर आधीच पोहोचली. घशाला कोरड पडली होती, म्हणून पाणी शोधत ती थेट तिथल्या स्वयंपाकघरात शिरली. सिंकपाशी एक उंच माणूस पिवळे रबरी हातमोजे चढवून अख्ख्या ऑफिसचे कप घासत होता.

"या आठवड्यात पाळी माझी," तो म्हणाला. "हसू नका."

"मी कुठे हसले?"

"डोळ्यांनी हसलात की..."

आता या माणसाला काय म्हणावं! वीबकेनं ग्लास तोंडाला लावला खरा, पण तिचे कान तापले होते.

थोड्या वेळानं बघते तर तपासणीच्या टेबलाशी तोच – परीक्षक रीडल.

वीबकेनं तीन वर्षं खपून दातांचं माप घ्यायचा नवा लगदा बनवला होता. दोन रंगांचे गोळे हातानं एकत्र मळायचे, चार मिनिटांत ते रबरासारखे घट्ट व्हायला हवेत. आज तो मानकात बसला नाही तर हे काम गुंडाळायचं, असं कंपनीच्या मालकांनी तिला बजावूनच पाठवलं होतं.

रीडलनं गोळे मळले, बारीक रेघा कोरलेल्या पोलादी ठोकळ्यावर दाबले. चार मिनिटं झाली... सहा झाली. लगदा आपला चिकटच.

"नापास," तो हळूच म्हणाला. "मला खरंच वाईट वाटतंय."

वीबके खुर्चीत पुढे सरकली. शंभर वेळा मळलेला लगदा, एकदाही दगा दिला नव्हता. मग आजच कसा? तिची नजर त्याच्या बोटांवर गेली.

"रीडलसाहेब, कप घासल्यावर हात धुतलेत?"

"मोजे होते की. मोजे काढले आणि तसाच –" तो थांबला. चेहरा पांढराफटक पडला. "रबर."

"त्यातलं गंधक. बोटांना नुसतं लागलं तरी हा लगदा घट्ट होत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"बारा वर्षं मीच सांगतोय हे सगळ्यांना."

दुसरा कुणी असता तर सारवासारव करत बसला असता. यानं अहवालावर सरळ लिहिलं : चूक परीक्षकाची, तपासणी रद्द. मग कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, आणि नवे डबे उघडले. "सातला माझी परतीची गाडी आहे," वीबके घड्याळाकडे बघत म्हणाली.

या खेपेला चौथ्या मिनिटाला लगदा ठोकळ्यावरून अलगद सुटला. भिंगाखाली केसाहून बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड उमटली होती. दाबून सोडला, तर पुन्हा होता तसा.

"पास. सगळ्यात पास. इतका स्वच्छ ठसा मी आजवर पाहिला नाही."

वीबके खुर्चीतून उठली ती नाचलीच. मालकांना फोन लावला आणि एकच शब्द बोलून ठेवून दिला.

रीडलनं अहवालावर सही केली, पेन खाली ठेवलं. "आता मी तुमचा परीक्षक नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही... हात का धुतले नाहीत ते."

"का?"

"तुम्ही बाहेर गेलात आणि मी दाराकडे बघत राहिलो. नळ आठवलाच नाही."

वीबकेला हसू आवरेना. आणि ते लपवावंसंही वाटेना.

"मला वीबके म्हण," ती म्हणाली. "जेवायला कुठे नेतोस?"

"तुझी सातची गाडी आहे ना?"

"होती."