एकशे दहा ग्रॅम

स्क्रूच्या डोक्यावरचा नेलपॉलिशचा ठिपका मोहरीएवढा असतो. गेल्या आठवड्यापासून रायफलचा ट्रिगर जुळवून झाला की मी तो लावते, म्हणजे स्क्रू हलला तर कळतं. त्या दुपारी भिंगाखाली तो मधोमध चिरलेला दिसला आणि स्क्रू अर्धा फेरा आत गेलेला. हादऱ्यांनी स्क्रू सैल होतो, घट्ट कधीच होत नाही.

वजनं टांगून पाहिली. एकशे दहा ग्रॅमला सुटायला हवा तो ट्रिगर एकशे साठला सुटला.

रायफल ‘बर्फ’ची होती. नेम धरताना त्याची पापणीही हलायची नाही, म्हणून नेमबाजीच्या आमच्या क्लबात त्याला सगळे तेच म्हणत. दोन महिन्यांपूर्वी तो कपडे बदलायची खोली समजून माझ्या दुरुस्तीच्या खोलीत शिरला होता, अर्धं जॅकेट अंगात, अर्धं लोंबतं. मी मान वर न करता म्हटलं, दार लावा, धूळ येते. त्याने दार लावलं… आणि आतच राहिला. मग दर आठवड्याला ट्रिगर जड झाल्याची तक्रार घेऊन यायचा, स्टुलावर बसायचा, मी मागायच्या आत वजन हातात ठेवायचा.

“पाच ग्रॅमचं वजन द्यायला एवढा वेळ?” मी एकदा विचारलं होतं.

“हलकं आहे ना… सोडलं तर पडेल.” माझ्या तळहातावरचं बोट त्याने तरीही काढलं नव्हतं.

इकडे त्याचे गुण घसरत गेले. त्याचे वडीलच क्लबाचे प्रशिक्षक. त्यांनी समितीला सांगून टाकलं की दोष माझ्या हाताचा आहे. पाच वर्षांची नोकरी ठेवायची की नाही, ते त्याच दिवशी पाच वाजता ठरणार होतं.

तीन वाजता तो आला. मी भिंग त्याच्यापुढे सरकवलं. त्याने पाहिलं आणि नाकारलं नाही. क्षणभर, लिहायला लाज वाटते, मला वाटलं की हे सगळं माझ्यासाठी. गाल गरम झाले.

“इथे यायला मिळायचं, हे खरं,” तो म्हणाला. “पण… संघात माझी निवड व्हायला नको होती. तीन वर्षं बाबांना सांगायचं म्हणतोय, की मला हे नकोय. म्हटलं, ट्रिगरच बिघडला तर कुणाचाच दोष नाही.”

“कुणाचाच नाही? मग मी कोण, भिंत?”

त्याने समितीला चिठ्ठी लिहून द्यायची तयारी दाखवली. ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं.

“चिठ्ठी कशाला? तोंड आहे ना? बाबांसमोर तुझी बोबडी वळते आणि नोकरी माझी जाते. छान वाटणी आहे!”

आपण अहो-जाहो सोडल्याचं मला उशिरा कळलं. त्याला लगेच कळलं असावं, कारण तो किंचित हसला.

“हसू नकोस. तू मला आवडतोस, म्हणून तर जास्त संताप येतोय. दुसरा कुणी असता तर नुसती तक्रार करून मोकळी झाले असते.”

त्याचं हसू गेलं. तो काही बोलायला लागला, पण मी दार उघडून धरलं.

पाच वाजता समितीच्या खोलीत मी नोंदींची वही मांडीवर घेऊन बसले. सर, म्हणजे त्याचे वडील, शांतपणे बोलत होते. पोरीची मेहनत आहे, म्हणाले, पण नाजूक काम आहे, बारीक नजर लागते. मी दात आवळून वही उघडली. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि त्याची हाक आली, “बाबा…”

“तू सरावाला जा,” सर मागे न वळता म्हणाले.

एवढं ऐकलं की तो जायचा. आयुष्यभर गेला होता. मी मान वळवली नाही. त्याच्याकडे बघून त्याला धीर द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

पावलं दारापाशी घुटमळली. मग ती माझ्या खुर्चीपर्यंत आली.

“बाबा, स्क्रू मी फिरवत होतो. हिचं काम चोख आहे.” त्याने माझ्या खुर्चीची पाठ धरली. “आणि… मी नेमबाजी सोडतोय.”