धुक्यात धरलेला हात

वहिनी, करुणा आज सासरी आहे म्हणून सांगते. तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

चौऱ्याऐंशी सालचा भाद्रपद. ह्यांना ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीनं पेठच्या पलीकडचा, जंगलातला डाकबंगला मिळाला होता. ह्यांना फार हौस. म्हणाले, "वर्षभर नाशिकरोडच्या दोन खोल्यांत कोंडून असतो आपण. पोरीला एकदा खरं जंगल दाखवू." करुणा तेव्हा आठ वर्षांची.

दुसऱ्या दिवशी जेवण करून धबधबा बघायला निघालो. वाट दाखवायला डाकबंगल्यावरचा मंगळू होता. झाडी इतकी दाट, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. खोडांवर बोटभर शेवाळ, आणि कुजक्या पाल्याचा गोडसर, जड वास. करुणा धबधब्याखाली मनसोक्त भिजली. तोवर सगळं छान होतं.

परतताना पाहतो तर वाटेतला ओहोळ फुगलेला. जाताना घोट्याएवढं पाणी होतं, आता कमरेच्या वर.

मंगळू म्हणाला, "बाई, तुम्ही हितंच बसा. हालू नका. आम्ही वरच्या अंगाला उथळ जागा बघतो." हेही त्याच्याबरोबर गेले.

मी करुणाचा हात धरून एका झाडाखाली बसले. दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता माझेच पाय मला दिसेनात. पोटरीला जळू चिकटली होती, ती ओढून काढायला मी हात सोडला. तेवढ्यापुरताच. लगेच चाचपून पुन्हा धरला. हात गार पडला होता. मी म्हटलं, "थंडी वाजते का गं?"

"नाही," ती म्हणाली.

आणि खालून, दरीतून, हाक आली. "आई..."

करुणाचाच आवाज. घाबरलेला, रडवेला. "आई, मी घसरले... मला वर येता येत नाही..."

मी धरलेला हात घट्ट आवळला. "करुणा, तू माझ्याजवळ आहेस ना?"

"हो," शेजारून उत्तर आलं. अगदी शांत.

"मग खाली कोण आहे?"

"कुणी नाही. तू बस."

तोंड दिसत नव्हतं, वहिनी. मनगटापर्यंतचा हात तेवढा दिसायचा, पुढं सगळं पांढरं. मी ह्यांना हाका मारल्या. ओहोळाच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. खालचं रडणं मात्र स्पष्ट येत होतं, आणि क्षीण होत चाललं होतं. "आई, फांदी सुटतेय..."

काय करणार होते मी? मनाशी म्हटलं, जी हातात आहे ती निदान धड आहे. जी रडतेय ती मरेल. कुणाचं का असेना, लेकरू आहे. मी उठले. "चल, दोघी खाली जाऊ."

हात जागचा हलेना. मी ओढला, तर त्यानंच मला धरलं. मोठ्या माणसाच्या ताकदीनं. मी दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडलं. सुटल्यावर मागं बघितलं नाही. बसत, घसरत, काट्यांना धरत उतरले. खाली फांदीला लोंबकळलेली करुणा सापडली. तोच फ्रॉक, तीच लाल रिबीन. पदरात बांधून तिला वर कशी आणली, ते मलाही सांगता येणार नाही.

वर हे आणि मंगळू आम्हाला शोधत होते. त्या झाडाखाली कुणी नव्हतं. दोघांनी धरून आम्हाला वरच्या अंगानं पलीकडे काढलं. काठावर पोचतो न पोचतो तोच मागून, त्या झाडाच्या बाजूनं, रडणं ऐकू आलं.

"आई, मी इथं आहे... तू कुणाला नेतेस?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनीही ऐकलं होतं. मी पाण्याकडे धावले. ह्यांनी मला मागून कव घातली. मंगळू खाली मान घालून म्हणाला, "चला बाई. आता थांबू नका."

"माझी पोर आहे हो तिकडे," मी म्हणत होते.

"तुझी पोर तुझ्या कडेवर आहे," हे म्हणाले. पण तिच्याकडे बघून नाही म्हणाले.

पुढं दोन दिवस पाड्यावरच्या लोकांनी सगळी दरी पालथी घातली. कुणी सापडलं नाही. कुठल्याच पाड्यावरचं मूल हरवलेलं नव्हतं.

मी विसरले असते, वहिनी. खरंच विसरले असते. पण तिथं काठावर, मागून ते रडणं वाढत असताना, कडेवरच्या करुणानं आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर घट्ट दाबले, आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळूच म्हणाली,

"ऐकू नकोस. तिला सवय होईल."