दोन हात आणि एक टोपी

पाच मीटरची स्टीलची टेप. पिवळी. सुरुवातीचे आकडे घासून पुसलेले.

पाणी : माणशी रोज सहा लिटर. तोंड धुणाऱ्याने ते आपल्या पिण्यातून वजा करावं.

"खांदे खाली. आणखी खाली. परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या राहू नका."

तांबडा दगड सावलीत बोटांना गार लागतो, आणि दोन पावलांवर उन्हात चटका देतो.

आत्या : "नकाशा काढणं वेगळं आणि गाडी काढणं वेगळं."

एक टोपी. रुंद काठाची.

सांगते. आता ओळीने सांगते.

आत्याची कंपनी वाळवंटातल्या घळईकडे जीपच्या सहली नेते. मी तिची भाची. ऑफिसात बसून नकाशे काढणारी. सहा वर्षं गाड्या घळईला बाहेरून वळसा घालून जात होत्या, कारण सहली नेणारे कर्नलकाका तसेच जायचे. कर्नलकाका सैन्यात कधीच नव्हते, नुसत्या मिशा होत्या. मी मात्र घळईतून सरळ पलीकडे जाणारी वाट पायी शोधून आले होते. मध्ये एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे अगदी जवळ येतात. नकाशावर मी तिथे लिहिलं – गळा.

आत्याने अट घातली. "गळ्यातून जीप पलीकडे ने. नेलीस तर या मोसमापासून सगळ्या सहलींची प्रमुख तू. मागे फिरलीस तर कर्नल आहेतच, आणि तू तुझ्या पेन्सिली."

म्हणून मी जुनी जीप घेऊन गॅरेजमध्ये गेले. म्हातारे मिस्त्री कुठे दिसेनात. एका गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"मिस्त्री आहेत का?"

"जेवायला गेलेत," पाय म्हणाले.

"मग तुम्ही कोण?"

"ज्याला जेवायला नेलं नाही तो."

पाय सरकत बाहेर आले, मागोमाग बाकीचा माणूस. गालावर ग्रीस, डोळ्यांत... असो. त्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण खिशात पाना नसेल तर तो बोलताना अडखळायचा. मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला.

"गळा किती रुंद?"

"माझे दोन हात आणि एक टोपी."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"टेप नव्हती," मी म्हणाले. "एक हात या भिंतीला, दुसरा त्या भिंतीकडे. मध्ये उरलं तेवढ्यात टोपी बसली. नेमकी."

त्याने फडक्याला हात पुसले. दोनदा पुसले. खिशातून टेप काढली.

"मग करा हात लांब."

टेपचं टोक माझ्या डाव्या बोटाशी. तो पाठीमागून उजव्या हाताकडे निघाला – सावकाश, जणू रस्ता खराब होता. मानेवर गार पट्टी टेकली. मी श्वास घ्यायचा विसरले, मग एकदम खूप घेतला.

"हलू नका. वाढताय तुम्ही."

एकशे बासष्ट. टोपी एकतीस. जीप, या टायरच्या कडेपासून त्या टायरच्या कडेपर्यंत, एकशे पंच्याऐंशी.

"आठ उरले," तो म्हणाला. "चार इकडे, चार तिकडे. गाडीला पुरेल. चालवणाऱ्याचं सांगता येत नाही."

"चालवणारी मी आहे."

"मग पुरेल."

इतकं साधं म्हणाला की मला परतीच्या वाटेवर एक वळण चुकलं. मला. नकाशे काढणारीला.

पुढचे तीन आठवडे तयारी. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये यादी. तो खोडायचा, मी लिहायची.

"तीन पुस्तकं?"

"वाचायला."

"दोन दिवसांत?"

"तुम्ही बोलला नाहीत तर."

"मग तिन्ही काढा."

तीन वेळा त्याने माझे हात पुन्हा मोजले. आकडा विसरलो म्हणाला. चौथ्यांदा टेप काढली तेव्हा मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "एकशे बासष्ट. माझ्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय पोरीसारखं तूच. पुसू का?"

पान्याचे कान तांबडे झाले. मी यादी उलटी धरून वाचत राहिले.

शनिवारी सकाळी मी आणि पाना घळईत शिरलो. मऊ वाळू लागली, म्हणून टायरमधली निम्मी हवा सोडली. वाळूत सगळेच सोडतात. टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. सोडताना आम्ही दोघं शीळ घालत होतो.

आणि मग गळा. वर आकाशाची एक चिंधी. आरसे दुमडलेले, कापडी छत गुंडाळलेलं. मी पुढची चाकं आत घातली आणि ओल्या बोटाने काच घासावी तसा आवाज आला.

थांबले.

तो वाकून बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, "आपण दोघं गाढव आहोत."

"काय झालं?"

"गाडी मोजली गॅरेजमध्ये. भरल्या टायरवर."

हवा काढली की टायर बाजूलाही फुगतो. आठातले काही त्या फुगण्याने खाल्ले होते, उरलेले खाली दगडाच्या फुगवट्याने.

"हवा भरली तर?"

"तर मावेल. पण वाळूत रुतेल."

"आणि मागे फिरलो तर..."

तर कर्नल. तर पेन्सिली. त्याने सल्ला दिला नाही, धीरही दिला नाही – फक्त माझ्याकडे बघत थांबला, जणू उत्तर माझ्याकडे आहेच, जरा शोधायला लागेल.

"फळ्या किती आहेत? रुतल्यावर चाकाखाली घालायच्या?"

"आठ."

"सगळ्या अंथरल्या तर गळ्याची लांबी भरेल?"

त्याने पावलं टाकून मोजलं. वळला तेव्हा हसत होता. "भरेल. वाळूला चाक लागणारच नाही."

जीप रुंद जागी मागे घेतली. पायाच्या पंपाने हवा भरली, शंभर तू, शंभर मी. 'तुम्ही' त्या पंपाखालीच कुठेतरी चिरडलं गेलं. फळ्यांच्या दोन ओळी अंथरल्या. तो पुढे उभा राहिला, उलट्या पावलांनी चालत, बोटांनी खुणा करत. मी चाकामागे. दोन्ही दारं भिंतींनी बंद.

"दोन बोटं डावीकडे."

वळवलं.

"सरळ... सरळ... मला तू आवडतेस. अर्धं बोट उजवीकडे."

हातांनी अर्धं बोट वळवलं. बाकीची मी जागच्या जागी.

"हे – आत्ता?"

"आत्ता दार उघडत नाही तुझं. एरवी नकाशा गुंडाळून निघून जातेस. सरळ."

"मी गाडी चालवतेय."

"छान चालवतेस. तशीच ठेव."

दगड दोन्ही बाजूंनी इतका जवळ की त्याच्यातले पट्टे मोजता यावेत. फळ्या करकरल्या. कुठेच काही घासलं नाही.

"पाना."

"हं."

"बाजूला हो. शेवटची फळी आहे. मी जोर देणार आहे."

त्याने उडी मारली. जीप धाडकन उजेडात आली – पुढे मोकळं, पिवळं, डोळे मिटावेत एवढं मोठं वाळवंट. मी इंजिन बंद केलं. दार उघडलं. पूर्ण उघडलं.

तो धापा टाकत समोर.

"मलाही," मी म्हणाले. "आता हवा काढ. पुढे वाळू आहे."

चार चाकं होती. प्रत्येक चाकापाशी बसून त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

टेकाडावर फोन लागला.

"कुठे आहात?" आत्याने विचारलं.

"पलीकडे."

"म्हणजे पलीकडे पलीकडे?"

"हो. रंगसुद्धा उडाला नाही."

आत्या घसा साफ करून म्हणाली, "सोमवारी लवकर ये. सहलींच्या पत्रकावर तुझं नाव घालायचंय. कर्नलना मी सांगते, जपून." आणि, "मागे कोण ओरडतंय?"

"पाना गातोय."

"बरं गातो?"

"अजिबात नाही."

"आणि तू ऐकतेयस. बरं, बरं. समजलं."

मार्चमध्ये माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हापासून कुणी गायला लागलं की मी उठून जायची, आणि आत्याला ते माहीत होतं.